मीटर चेहऱ्यावर धर!

आमच्या बापजाद्यांना डोंगर ठाऊक होता तो मोळीपुरता. नजारा बघायला डोंगर चढणारा घरातला पहिला मीच. 2024 च्या डिसेंबरात माथेरानला फोटोग्राफीचं चार दिवसांचं शिबिर होतं. फी पोरांनी वर्गणी काढून भरली, कॅमेरा मित्राचा. आणि गेलो ते बरंच केलं.

शिकवणारा माणूस अस्सल होता. पहिल्याच पहाटे पॅनोरमा पॉइंटवर त्यानं सांगितलं : कॅमेऱ्यातलं मीटर समोरचा सगळा उजेड मधल्या करड्या रंगावर आणू बघतं. मागं पांढरं धुकं असलं की ते उजेड कापतं आणि पुढचा काळा चेहरा कोळसा होतो. लग्नाच्या फोटोत पांढऱ्या पडद्यापुढं माझी आई कायम काळीठिक्कर का, ते मला तिशीत कळलं! आम्ही समजायचो, दोष कातडीचा. मास्तर म्हणाला, मीटर चेहऱ्यावर धर, धुकं जळालं तरी चालेल. कोडॅकच्या लॅबमध्ये तर रंग जुळवायला गोऱ्या बाईचं कार्ड असायचं, शर्ली कार्ड. यंत्र जात घेऊन जन्मत नाही मित्रांनो, त्याला ती शिकवतात.

माथेरानात मोटारींना बंदी. दस्तुरी नाक्यापासून पुढं चालत, घोड्यावर, नाहीतर हातरिक्षात. 2022 च्या डिसेंबरात ई-रिक्षा प्रयोग म्हणून आल्या, तरी माणूस माणसाला ओढतच होता. एक पुढं, दोघं मागं, तांबड्या धुळीचा चढ. शिबिरातली मंडळी हरखली. 'काय टेक्स्चर आहे!' खटाखट सुरू. मला राग आला, आणि रागातच मीही बटण दाबलं. मानेच्या शिरा, घाम, सगळं झकास आलं. मीटर चेहऱ्यावर होतं ना!

संध्याकाळी टपरीवर तोच माणूस भेटला. फोटो दाखवून म्हणालो, "मामा, मी त्यांच्यातला नाही. वस्तीतला आहे."

"मग तर इचारायला पायजे होतं तू," तो म्हणाला. "पोरगी कालेजात हाय. बाप हाटेलात कामाला हाय, असं सांगती ती मैत्रिणींना."

फोटो पुसला. काय बोलणार? चहा संपवून तोच म्हणाला, "रविवारी घरी ये खाली. आंघोळ करून बसतो."

आपल्यातले काही म्हणतात, कॅमेरा म्हणजे पोट भरलेल्यांचे चोचले. साफ चूक. 1942 साली गॉर्डन पार्क्स या काळ्या फोटोग्राफरनं वॉशिंग्टनला सरकारी कचेरी झाडणाऱ्या एला वॉटसनला झेंड्यापुढं उभं केलं, हातात झाडू. पण आधी तिची कहाणी ऐकली, नंतर तिच्या घरी जाऊन फोटो काढत राहिला. उजेडाचं गणित आपण शिकायचंच, वस्तीवस्तीत शिबिरं घ्यायची. मात्र कॅमेरा दलिताच्या हातात आला म्हणून नजर आपोआप धुतली जात नाही. माझी नव्हती.

रविवारी समारोप सोडून वाडीत उतरलो. मामा पांढरा शर्ट घालून दारात बसलेला, मागं मामी, बाजूला पोरगी. एका जाणकाराला फोटो दाखवला, तर म्हणाला, यात संघर्ष दिसत नाही.

2025 च्या ऑगस्टमध्ये तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठानं हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा, ओढणाऱ्यांना ई-रिक्षा द्या, असा आदेश दिला. ते वाचून मामाला फोन केला. म्हणाला, "ते बघू. फोटोची आनिक एक कॉपी पाठव, पोरीला होस्टेलवर न्यायचीय."