क्युसेक नको, पायरी सांगा

प्रति,
मा. जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष,
जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण, बीड



सप्टेंबर 2025 च्या अखेरची गोष्ट. रात्री साडेनऊच्या सुमारास माझ्या एका विद्यार्थ्याचा फोन आला. त्याचं गाव गंगथडीचं. गोदावरीला आमच्याकडे कुणी गोदावरी म्हणत नाही, गंगाच म्हणतात. तो म्हणाला, "सर, पैठणहून दोन लाखांच्या वर क्युसेक सोडलंय म्हणे. आमच्या गोठ्यात पाणी येईल का?"

मी भूगोल शिकवतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण 28 लिटर पाणी, हे दरवर्षी फळ्यावर लिहून देतो. दोन लाख क्युसेक म्हणजे सेकंदाला छप्पन लाख लिटरच्या आसपास, हा हिशोब मला तोंडपाठ होता. गोठ्याचं उत्तर मात्र माझ्याजवळ नव्हतं. "जनावरं सोड आणि वर शाळेकडे घेऊन जा, वाट बघत बसू नको," एवढंच मी सांगितलं. त्यानं ऐकलं म्हणून ती वाचली. पण ते उत्तर घाबरून दिलेलं होतं, माहितीतून आलेलं नव्हतं. हे पत्र त्या प्रश्नासाठी आहे.

आपल्या जिल्ह्याला दुष्काळ कळतो. 1972 पाहिलेली माणसं अजून आहेत, टँकर आणि चारा छावण्या तर आमच्या पोरांनीही पाहिल्या आहेत. कोणत्याही घरात जा, टिपाडं, टाक्या, हंडे यांची मांडणी बघा. पाण्याची पाळी कुणाची, प्यायचं कोणतं आणि वापरायचं कोणतं, कडबा किती दिवस पुरेल, हे घरातल्या सातवीतल्या मुलीलाही ठाऊक असतं. म्हणजे संकटासाठी तयार राहणं बीडच्या घराला नवीन नाही. फक्त ती सगळी तयारी पाणी नसण्याची आहे. त्या सप्टेंबरात, कायम टँकरची वाट बघणाऱ्या आष्टी तालुक्यात, कड्याच्या परिसरात अडकलेल्या लोकांना हेलिकॉप्टरनं बाहेर काढावं लागलं. शिरूर कासारला सिंदफणा नदी वस्तीत शिरली. पैठणच्या जायकवाडी धरणाचा विसर्ग तीन लाख क्युसेकच्या घरात गेला. दुष्काळाच्या सवयीचा जिल्हा त्या महिन्यात अक्षरशः चाचपडत होता.

इशारे आले नाहीत असं मी म्हणणार नाही. आले, वेळेत आले. मोबाईलवर आले, भोंग्यावरून दवंडी झाली, तलाठी आणि कोतवाल चिखलातून फिरले. पण इशारा आला तो क्युसेकमध्ये. म्हातारा माणूस तो ऐकतो आणि विचारतो, "म्हणजे सहाच्या सालाएवढं का त्याहून जास्त?" त्याचं मोजमाप 2006 चा पूर आहे, कारण तो त्यानं डोळ्यांनी पाहिला. ज्याचा जन्मच 2006 नंतरचा आहे, त्यानं कशाशी तुलना करायची?

याच गंगेच्या वरच्या अंगाला, नाशिकला, लोकांनी हा प्रश्न कधीच सोडवला आहे. तिथे पूर मोजतात तो रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीवरून. पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं, की कोणत्या दुकानदारानं काय उचलायचं हे ठरलेलं असतं. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट म्हणजे इशारा आणि 43 फूट म्हणजे धोका, हे रिक्षावालाही सांगेल. सांगलीत आयर्विन पुलाचे 40 आणि 45 फूट तसेच. या आकड्यांत कसलीही जादू नाही. ते एका ठिकाणाला बांधलेले आहेत, आणि ते ठिकाण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. आमच्या राक्षसभुवनला, पांचाळेश्वरला, मंजरथला देवळं आहेत, घाट आहेत, पायऱ्या आहेत. त्या पायऱ्यांवर रेषा मात्र नाहीत.

माझी मागणी एवढीच आहे: क्युसेकचं भाषांतर पायरीत करून द्या. गंगथडीच्या आणि सिंदफणेच्या प्रत्येक गावात, सगळ्यांना दिसेल अशा एका जागी, देवळाच्या पायरीवर किंवा शाळेच्या भिंतीवर रेषा ओढा. एवढा विसर्ग झाला तेव्हा पाणी इथवर आलं होतं, असं तिच्याशेजारी लिहा. इशारा देताना आकड्याबरोबर रेषा सांगा. अभियंते म्हणतील की पाण्याची उंची फक्त पैठणच्या दारांवर ठरत नाही. मंजरथला सिंदफणा येऊन मिळते, माजलगाव धरणाचं पाणी असतं, मधल्या ओढ्यांचं असतं. त्यांचं म्हणणं खरं आहे. म्हणून रेषेला हातभर इकडेतिकडे धरून चालू. अंदाजी रेषा दिसली तरी माणूस गोठ्याकडे धावतो. नुसता आकडा ऐकून तो उंबऱ्यावर उभा राहतो.

याला घाई आहे, ती एका साध्या कारणानं. पूर सप्टेंबरअखेरचा आणि दिवाळी त्यानंतर तीन आठवड्यांनी. लोकांनी घरं धुतली, सारवली, चुना दिला, आणि भिंतीवरच्या गाळाच्या रेषा गेल्या. आम्ही विद्यार्थ्यांना घेऊन एका गावात गेलो तेव्हा अर्ध्या खुणा पुसल्या होत्या. एका आजींनी आम्हाला देवळामागे नेलं. तिथल्या ओवरीच्या कोपऱ्यात, जिथे चुन्याचा कुंचला पोचला नव्हता, गाळाचा तांबूस-काळा पट्टा शिल्लक होता. त्यात बाजरीचं एक कणीस चिकटून वाळलेलं. आजींनी त्यावर तळहात टेकवला आणि म्हणाल्या, "हितं." आम्ही गेरूनं रेघ मारली आणि तारीख लिहिली. बीड शहरात बिंदुसरेला 1989 च्या जुलैत पूर आला, माणसं गेली. ते पाणी कुठवर आलं होतं, हे जुने बीडकर आजही हात उंच करून दाखवतात. ते हात खाली येण्याआधी भिंतीवर रेघ यायला हवी.

हे काम कोण करणार, असं आपण विचाराल. आम्ही करू. नव्या शैक्षणिक धोरणात पदवीच्या मुलांना क्षेत्र प्रकल्प आणि समाज सहभाग प्रकल्प श्रेयांकांसाठी करावेच लागतात. राष्ट्रीय सेवा योजनेची मुलं आहेत, छात्रसेना आहे, 'आव्हान' शिबिरात आपत्तीचं प्रशिक्षण घेऊन आलेली मुलं जिल्ह्यात आहेत. जिल्ह्यातलं क्वचितच एखादं गाव असेल, जिथलं एकही पोर कॉलेजात नाही. आपली यंत्रणा आणि गावातला उंबरा यांच्यातला दुवा तेच पोर आहे. आज त्याच्याकडून आपण फक्त रॅली काढून घेतो.

अर्थात, आधी आमचं आम्ही बघायला हवं. मी ज्या महाविद्यालयात काम करतो तिथे आम्ही एकदा घंटा वाजवून इमारत रिकामी करायची रंगीत तालीम केली. मागच्या जिन्याच्या दाराला कुलूप निघालं. किल्ली ज्या शिपाईमामांकडे होती ते रजेवर होते. शेवटी दगडानं कुलूप तोडलं. अग्निशामक नळकांड्याचा काटा तांबड्या पट्ट्यात होता, म्हणजे आत पुरेसा दाब नव्हता, आणि त्याची पिन कुणीतरी तारेनं पक्की बांधून ठेवली होती. व्हरांड्यातून त्याच्यासमोरून मी कित्येक वर्षं रोज गेलो होतो. चारशे मुलं पुढच्या एकाच दारातून बाहेर पडत होती, आणि चाकाच्या खुर्चीतून येणारी आमची एक विद्यार्थिनी पहिल्या मजल्यावर राहून गेली होती. तिला कुणी आणायचं, हे कुणालाच नेमून दिलेलं नव्हतं. त्या दिवसापासून त्या दाराला कुलूप नाही, आतून कडी आहे, आणि तिचा वर्ग तळमजल्यावर आला आहे. खर्च जवळजवळ शून्य. दर वर्षी मृगाआधी प्रत्येक महाविद्यालयात आणि वसतिगृहात अशी तालीम व्हावी, ती न सांगता व्हावी, आणि तिचा एक पानी अहवाल आपल्याकडे यावा, असा आदेश आपण काढू शकता. 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानं ते अधिकार आपल्या प्राधिकरणाला दिले आहेत.

घरांबद्दल दोन गोष्टी, त्या 2025 च्या पुरानं शिकवल्या. पहिली दाव्याची. ओली झालेली गाठ सुटत नाही. रात्री अंधारात, गुडघाभर पाण्यात, बिथरलेल्या म्हशीच्या गळ्यातली गाठ कुणालाच सुटत नाही. दावणीला बांधलेली जनावरं जागच्या जागी बुडाली ती अशी. गोठ्याच्या मेढीला, डोक्याएवढ्या उंचीवर, एक धारदार विळा कायमचा अडकवलेला हवा. दुसरी कागदांची. सातबारा, रेशनकार्ड, पासबुक, पोराची मार्कशीट हे सगळं आमच्याकडे पत्र्याच्या पेटीत, पलंगाखाली असतं, म्हणजे पाणी सगळ्यात आधी पोचतं तिथे. पुरानंतर मी एका अंगणात दोरीवर साडीशेजारी वाळत घातलेलं रेशनकार्ड पाहिलं. पानं एकमेकांना चिकटून त्याची लादी झाली होती. पंचनाम्यानंतरच्या मदतीला तेच कागद लागतात. खताच्या रिकाम्या गोणीतली प्लास्टिकची आतली पिशवी धुऊन, त्यात कागद घालून, तोंड बांधून आढ्याला टांगलं तरी भागतं. विजेबद्दल, सापाबद्दलही असंच घराघरात बोलायला हवं. वळवाच्या पावसात झाडाखाली थांबून माणसं जातात, आणि विजेचा इशारा देणारं दामिनी ॲप मात्र फार थोड्यांच्या फोनमध्ये असतं.

आणि एक गोष्ट आपल्या आराखड्यात ठळक असावी. दिवाळीनंतर या जिल्ह्यातली लाखो कर्ती माणसं ऊसतोडीला जातात. मागे घरात राहतात आजी-आजोबा आणि शाळकरी मुलं. 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे किल्लारीला जमीन हलली तेव्हा दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदं झोपलेल्यांच्या अंगावर आली. तशी माळवदं आपल्याकडे अजून आहेत, आणि त्यांच्याखाली हिवाळाभर झोपणारी माणसं पळू न शकणारी आहेत. अशा घरांची गाववार यादी आमची मुलं करून देतील. रात्री हाक मारायला शेजारचं कोण, एवढी एक ओळ त्या यादीत प्रत्येक नावापुढे असेल.

गेरू आणि कुंचले आम्ही आणले आहेत. आपल्याकडून हवं ते एवढंच: सप्टेंबर 2025 मधल्या पैठण आणि माजलगावच्या विसर्गाच्या तासातासाच्या नोंदी, आणि त्या समजावून सांगायला पाटबंधारे खात्याचा एक माणूस, दोन दिवसांसाठी. मृग लागायच्या आत.

आपला,
गंगथडीच्या एका महाविद्यालयातला भूगोलाचा शिक्षक