डिझेल कुणी प्यायलं?

या सदरात आजवर आपण किराणा, मुलांची फी, लग्नातला वायफळ खर्च असे विषय घेतले. आजचा विषय काही भगिनींना आपला वाटणार नाही : गाडीचं अ‍ॅव्हरेज. पण ज्या घरातून दरमहा पिकअपचा हप्ता जातो, तिथे हा विषय चुलीपर्यंत येतोच. आमच्या घरी तो दस्तरखानापर्यंत आला आणि माझ्या दिराच्या हातातली भाकरी हातातच राहिली.

आमचं घर चकलांब्याचं, तालुका गेवराई. थोडी शेती आहे, कापूस आणि कांदा. बाकी संसार मालवाहतुकीवर चालतो. गाडी धाकटे दीर चालवतात, हिशेब हे बघतात. जुनी पिकअप विकून कर्जावर नवी घेतली. जुनी गाडी लिटरला तेरा-चौदा जायची, असं घरात सगळेच सांगत. शोरूममध्ये तर नवी त्याहून जास्त जाईल, असं सांगितलं होतं. तीन महिन्यांनी ह्यांनी डिझेलच्या पावत्या जुळवल्या, तर लिटरला जेमतेम नऊ. हप्ता तोच, भाडं तेच, आणि हातात उरतं जुन्या गाडीपेक्षा कमी.

त्या रात्री सगळे जेवायला बसलेले असताना हे म्हणाले, “डिझेल गाडीच पिते, की आणखी कुणी?”

दीर काही बोलले नाहीत. पाणी प्यायले आणि उठले. पुढचे तीन दिवस ते आमच्यात जेवले नाहीत. चौथ्या दिवशी सासूबाई ह्यांना म्हणाल्या, “बेटा, भावावर शक घेण्याआधी गाडीचं माप घ्यायचं होतंस.”

दीरही मग ह्यांच्यासमोर उभे राहिले. म्हणाले, “भाईजान, या खेपेला तुम्ही बाजूला बसून चला. टाकी तुमच्यासमोर भरू.”

मी शंभर पानी वही काढली. आपल्या दीनमध्ये उधारीचा व्यवहार लिहून ठेवायला सांगितलंय. कुरआनातली सर्वांत लांब आयत त्याबद्दलचीच आहे. आम्ही शेजाऱ्याला पाचशे रुपये दिले तरी लिहून ठेवायचो. पण महिन्याला पंचवीस-तीस हजारांचं डिझेल आठवणीवर चाललं होतं.

अ‍ॅव्हरेज काढायची पद्धत सोपी आहे. पंपावर टाकी फुल्ल करायची. नोझल आपोआप बंद झालं की थांबायचं, वर आणखी ओतायचं नाही. मीटरचं रीडिंग लिहायचं. तीन-चारशे किलोमीटर चालवून शक्यतो त्याच पंपावर, त्याच नोझलवर पुन्हा तसंच फुल्ल करायचं. मधल्या किलोमीटरला दुसऱ्यांदा भरलेल्या लिटरने भागायचं. आम्ही आजवर हजाराचं, दीड हजाराचं डिझेल टाकायचो. टाकीत आधी किती होतं आणि नंतर किती उरलं, हे माहीतच नसेल तर भागाकार कशाचा करणार? समोरच्या काचेखालच्या पडद्यावर दिसणारा आकडा हाही गाडीने लावलेला अंदाजच असतो.

कांदा घेऊन दोघं भाऊ सोलापूरला गेले. गेवराईत फुल्ल, परत गेवराईत फुल्ल. ४२४ किलोमीटर, ४६ लिटर. म्हणजे लिटरला ९.२. हे स्वतः पूर्ण वेळ केबिनमध्ये बसलेले असताना.

म्हणजे डिझेल खरंच गाडीच पीत होती. मग का पीत होती, हे शोधायचं राहिलं.

पहिला संशय पंपावर. इथे वाचकांनी एक हक्क लक्षात ठेवावा. प्रत्येक पंपावर वैधमापन खात्याचा शिक्का असलेलं पाच लिटरचं माप असतं आणि ग्राहकाने मागितलं तर त्यात मोजून दाखवावं लागतं. पाच लिटरला २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक चालतो, त्यापुढे नाही. २०१७ साली ठाणे पोलिसांनी राज्यातल्या अनेक पंपांवर मशीनमध्ये केलेली फेरफार पकडली होती, तेव्हा संशय घेणं वावगं नाही. पण मोजून घ्यावा. आम्ही माप मागितलं, ते बरोबर निघालं. पंपाबद्दलही आम्ही उगाच बोलत होतो.

दुसरी गोष्ट, हवा. गाडीच्या दाराच्या आतल्या स्टिकरवर रिकाम्या आणि भरल्या गाडीसाठी हवेचे वेगवेगळे आकडे असतात. आम्ही रिकाम्या गाडीच्या हवेवर भरलेला माल ओढत होतो. दबलेलं टायर रस्त्याला जास्त घासतं, इंजिनाला जास्त ओढावं लागतं, आणि टायरही लवकर जातं.

तिसरी, वजन. “दहा कट्टे आणखी बसतील की,” हे प्रत्येक शेतकरी म्हणतो आणि आपणही भाड्याच्या मोहाने हो म्हणतो. आरसीवर लिहिलेल्या वजनापेक्षा जास्त माल घेऊन मांजरसुंब्याचा घाट चढायचा म्हणजे खालच्या गिअरमध्ये इंजिन रडवायचं. वर पकडलं तर कायद्याने दंड वीस हजार, आणि जादा वजनाच्या प्रत्येक टनामागे दोन हजार वेगळे. त्या दहा कट्ट्यांचं भाडं कुठे पुरणार?

चौथी, वेग आणि जाळी. कापसासाठी हौद्यावर लावलेली उंच जाळी वर्षभर तशीच होती. रात्री रिकामी गाडी ऐंशी-नव्वदने परत येताना ती जाळी आणि फडफडणारी ताडपत्री वाऱ्याशी झुंजत येते. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो. इंधन बचतीचं काम करणारी पीसीआरए ही सरकारी संस्था ताशी ४५ ते ५५ किलोमीटरचा वेग सांगते. महामार्गावर मागच्या ट्रकवाल्याला ते पटणार नाही. पण नव्वदवरून साठ-पासष्टवर तर येता येतं.

पाचवी, उभी गाडी. बाजार समितीच्या रांगेत दीर इंजिन चालू ठेवायचे, मोबाइल चार्ज होतो म्हणून. उभ्या गाडीचं अ‍ॅव्हरेज शून्य असतं.

सहावी गोष्ट आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हती. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ गाड्या आल्या. यातल्या बऱ्याच डिझेल गाड्यांच्या धुराच्या नळीत काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो भरत आला की गाडी थोडं जादा डिझेल वापरून नळीतली उष्णता वाढवते आणि ती काजळी जाळून टाकते. त्यासाठी गाडी काही वेळ सलग चालावी लागते. आमची गाडी एरवी गावातल्या गावात, शेत ते घर, घर ते उमापूर अशी धावते. दिवा लागला की दीर घाबरून गाडी बंद करायचे. जळणं अर्धवट राहायचं, पुढच्या वेळी गाडी पुन्हा जादा डिझेल घ्यायची. असा दिवा लागला तर काय करायचं हे गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेलं होतं; पुस्तिका प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेर निघाली नव्हती. एका मिस्त्रीने तो फिल्टरच काढून टाकायचा सल्ला दिला. तसं करू नये. ते बेकायदेशीर आहे, वॉरंटी जाते, आणि ती काजळी शेवटी आपल्याच मुलांच्या छातीत जाते.

राहिला शोरूमचा आकडा. पुण्यात एआरएआय ही १९६६ साली स्थापन झालेली संस्था आहे, तिथे गाड्यांच्या चाचण्या होतात. गाडी रुळांवर चढवून, ठरलेल्या वेगाने, ठरलेल्या वेळापत्रकाने चालवतात. दोन गाड्यांची तुलना करायला ते माप उपयोगी आहे. पण त्या रुळांवर घाट नसतो, खड्डे नसतात आणि दहा जादा कट्टेही नसतात. त्यामुळे चाचणीचा आकडा आपल्या रस्त्यावर मिळेल असं धरून हप्त्याचं गणित बसवू नये. घेण्याआधी तीच गाडी, तोच माल, त्याच रस्त्यावर चालवणाऱ्या दोघा-चौघांना विचारावं. आणि आमची जुनी गाडी खरंच चौदा जायची का? वहीच नव्हती, तर कोण सांगणार!

मोटारसायकलवाले विचारतील, “आमच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, त्याचं काय?” इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या तुलनेत साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, म्हणून वीस टक्के मिश्रणात अ‍ॅव्हरेज थोडं घटतं. पण शंभरातले वीस-तीस किलोमीटर घटले असतील, तर दोष एकट्या इथेनॉलचा नाही. हवा, फिल्टर, चेन, क्लच पाहा. आमच्या डिझेलच्या हिशेबात तर इथेनॉलचा प्रश्नच नव्हता.

आम्ही काय केलं? हवा दर आठवड्याला. जाळी फक्त कापसाच्या हंगामात. माल आरसीप्रमाणे. रांगेत इंजिन बंद. काजळीचा दिवा लागला की महामार्गावर एक सलग चक्कर. एअर फिल्टर धुळीने भरला होता, तो बदलला. दीड महिन्याने वहीत आकडा आला ११.४. जादूचा नाही, चौदाही नाही. पण महिन्याला तीन हजार किलोमीटर धरले तर आधी ३२६ लिटर लागायचे, आता २६३ लागतात. लिटरला नव्वद रुपये धरले तरी साडेपाच हजारांच्या वर वाचतात. जादा कट्ट्यांचं भाडं गेलं, ते त्यातून वजा करा. तरी घरात काहीतरी येतंच.

तुम्हीही एक वही करा. पाच रकाने आखा : तारीख, मीटरचं रीडिंग, लिटर, किती माल, कुठली खेप. वही गाडीत नको, घरात ठेवा आणि लिहायचं काम घरातल्या मुलीला किंवा सुनेला द्या. आमची सातवीतली मुलगी आता भागाकार करते आणि चाचाला विचारते, “या आठवड्यात दहा पॉइंट आठच का?” चाचा हसून उत्तर देतो. तोच प्रश्न त्या रात्री अशा रीतीने विचारला असता, तर कुणाची भाकरी अर्धी राहिली नसती.

आणि एक. सोलापूरहून आल्यावर ह्यांनी दिरांना गाडीतच “चूक झाली” म्हटलं होतं. सासूबाईंना ते पुरलं नाही. त्या म्हणाल्या, “बोललास सगळ्यांसमोर, मग माफीही सगळ्यांसमोर.” त्या रात्री हे दस्तरखानावर तेच पुन्हा बोलले, मुलांच्या देखत. दीर म्हणाले, “जाऊ द्या भाईजान,” आणि भाकरी मागितली. वहीत हा रकाना नाही. पण हा हिशेबही आमच्याकडे बाकी होता.