बर्फातला जामीनदार

बर्फाला या जगात दोनच ठिकाणं शोभतात, असं माझं प्रामाणिक मत आहे. एक, गोळेवाल्याच्या रंध्यावर. आणि दुसरं, मुरगळलेल्या घोट्यावर. तिसऱ्या ठिकाणी, म्हणजे मोटारीच्या चाकाखाली, तो कशाला हवा हे मला आजवर कुणी समजावून देऊ शकलेलं नाही. आमच्या साडूंनी प्रयत्न केला. माझ्या पायांची दहाही बोटं बधिर होईपर्यंत केला.

साडू राहणार डोंबिवलीचे. त्यांनी फोर-बाय-फोर गाडी घेतली. सोसायटीच्या आवारात ती वळवायची तर एक वॉचमन, दोन शेजारी आणि चार हलवलेल्या स्कूटरी लागतात. पण हिच्यात हिमालय चढायची ताकद आहे, असं त्यांना शोरूममध्ये सांगण्यात आलं होतं. कर्जाच्या कागदांवर जामीनदार म्हणून सही माझी. बावीस वर्षं बँकेत बसून मी लोकांना ‘कुणाला जामीन राहू नका’ म्हणून सांगत आलो. पण बायकोच्या बहिणीचा नवरा समोर बसला की माणसाचं बी.कॉम. कामाला येत नाही. तेव्हा २०२४च्या फेब्रुवारीत साडू ‘चला मनालीला’ म्हणाले, तेव्हा मी गेलो तो हिमालय पाहायला नव्हे, तारण पाहायला.

मनालीपुढे अटल बोगदा आहे. लांबी नऊ किलोमीटरहून थोडी जास्त. तो ३ ऑक्टोबर २०२० रोजी खुला झाला. त्याआधी लाहौलच्या लोकांना बाहेर पडायला रोहतांगची खिंड होती, उंची तेरा हजार फूट, आणि बर्फामुळे ती वर्षातले निम्मे महिने बंद. हिवाळ्यात आजारी पडलेला माणूस हेलिकॉप्टरची वाट पाहत पडून राहायचा. तो बोगदा अशा माणसांसाठी झाला. आज त्यातून आमचे साडू जातात.

बर्फ पडल्यावर पोलीस फक्त फोर-बाय-फोर गाड्या पुढे सोडतात. आम्हाला सोडलं, तेव्हा साडूंची छाती पद्मश्री मिळाल्यासारखी फुगली. बोगदा संपला, सिस्सू आलं. रस्ता यंत्रांनी साफ केलेला होता, गाडी छान चालली होती. हेच साडूंना सहन होईना. ‘‘साफ रस्त्यावरून काय, रिक्षासुद्धा जाते!’’ असं म्हणून त्यांनी गाडी डावीकडे, नदीच्या बाजूला उतरणाऱ्या एका पांढऱ्याशुभ्र वाटेवर घातली. ती वाट आहे हे त्यांनी कशावरून ठरवलं, ते अजून कळलेलं नाही.

पन्नास पावलांवर गाडी थांबली. साडूंनी वेग दिला. चारी चाकं एकदम गरगरली आणि गाडी बसक्या म्हशीसारखी आणखी खाली बसली.

आता वाचकहो, यात एक साधा हिशेब आहे. इंजिन चारी चाकांना जोर देतं हे खरं. पण पकड देते ती जमीन. बर्फ गाडीच्या पोटापेक्षा खोल असला की गाडी त्यावर होडीसारखी टेकते आणि चाकं अधांतरी फिरतात. साध्या गाडीची दोन फिरतात, महागाची चार, फरक एवढाच. उतारावरही तेच. निघायला फोर-बाय-फोर उपयोगी पडते, पण थांबायला सगळ्याच गाड्यांना चार चाकं असतात. मऊ बर्फात टायरमधली हवा थोडी कमी करायची असते, म्हणजे चाक पसरतं आणि कमी रुततं. साडूंनी मनालीत पंपावर ती चांगली ठासून भरून घेतली होती. साखळ्या होत्या, डिकीत, सगळ्यात खाली, चकलीच्या डब्याखाली.

आम्ही काचा बंद करून, इंजिन आणि हीटर चालू ठेवून बसलो. साडू मोबाइलवर आइसलँडच्या गाड्यांचा व्हिडिओ दाखवू लागले. ‘‘बघा, तिकडे कसे बर्फातून जातात!’’ जातात ना. अंगठ्याएवढ्या नव्हे, कमरेएवढ्या उंच चाकांवर, टायरमध्ये नावाला हवा ठेवून जातात. पण त्याच देशात रस्ता सोडून गाडी चालवायला कायद्याने बंदी आहे. मुभा आहे ती जमीन गोठलेली आणि बर्फाने पुरती झाकलेली असेल तेव्हाच. साडूंनी व्हिडिओ पाहिला होता, कायदा नव्हता पाहिला.

तेवढ्यात काचेवर टकटक झाली. साठीचा एक माणूस, हातात फावडं. साडू म्हणाले, ‘‘भाईसाब, गाडी जरा फस गया है.’’ तो म्हणाला, ‘‘पहले इंजन बंद करो.’’ साडूंना वाटलं, डिझेलची काळजी करतोय. तो काही न बोलता मागे गेला आणि धुराड्याभोवतीचा बर्फ काढू लागला. ते नळकांडं बर्फात पुरतं गाडलं गेलं होतं. धूर बाहेर जाईना म्हणजे तो आत येणार. त्यातल्या विषारी वायूला वास नाही, रंग नाही, झोप मात्र छान लागते. जानेवारी २०२२मध्ये पाकिस्तानात मरी इथे बर्फात अडकलेल्या गाड्यांमध्ये वीसहून अधिक माणसं गेली. त्यांतल्या काहींचा घात थंडीपेक्षा या धुराने केल्याचं तेव्हा सांगण्यात आलं. मला जरा डुलकी येऊ लागली होती. मी ती चकल्यांच्या खाती घातली होती.

त्याने आणि त्याच्या मुलाने दोन तास खणलं. पुढचं चाक वर आलं तेव्हा खाली दगडांची एक फुटलेली कड दिसली. ‘‘ये क्या है?’’ साडूंनी विचारलं. ‘‘कूल्ह है,’’ तो म्हणाला. कूल्ह म्हणजे शेताला पाणी नेणारा पाट. ‘‘और ये?’’ ‘‘ये खेत है. आलू, मटर.’’ आम्ही उभे होतो ते त्याच्या वावरात. उन्हाळ्यात हाच बर्फ वितळून त्याच पाटाने त्याच्या बटाट्याला पाणी मिळायचं होतं. साडूंनी पाचशेची नोट काढली. त्याने ती घेतली नाही. चहा घ्यायला घरी चला म्हणाला.

आता माझी तक्रार ऐका. आम्ही परत आलो आणि साडूंनी सोसायटीत ही हकीगत साहसकथा म्हणून सांगितली. जमाखर्च शिकलेल्या माणसाला हे बघवत नाही. प्रत्येक नोंदीला दोन बाजू असतात. मौज साडूंच्या खाती जमा झाली, कौतुकही झालं. मग नावे कुणाच्या पडली? त्या म्हाताऱ्याच्या. त्याचे दोन तास, त्याची कंबर, त्याचा पाट. डिसेंबर २०२३मध्ये याच लाहौलमध्ये रस्त्यावर गर्दी झाली म्हणून एकाने गाडी सरळ चंद्रा नदीत घातली. पोलिसांनी साडेतीन हजार दंड केला. तेवढ्यात आमच्या गाडीचा आरसासुद्धा येत नाही.

तुम्ही म्हणाल, ‘‘मग काय माणसाने साहस करूच नये?’’ करावं की! पण स्वतःच्या जोखमीवर. सोबत दुसरी गाडी, फावडं, चाकांना साखळ्या, वाट माहीत असलेला तिथलाच माणूस, त्याला रीतसर मजुरी, आणि पोलीस नाही म्हणाले की नाही. एवढं केल्यावर साहसात काय उरतं, असं साडू विचारतात. मी म्हणतो, जे उरतं तेच तुमचं. बाकीचं दुसऱ्याकडून उसनं घेतलेलं होतं. बर्फातून रोज गाडी हाकणारे तिथले ड्रायव्हर तिला साहस म्हणत नाहीत, नोकरी म्हणतात.

कर्जाच्या कागदावर मी सही तरी केली होती. तीन प्रती, वर फोटो. हप्ता थकला तर बँक कुणाचं दार वाजवणार, हे मला ठाऊक होतं. त्या म्हाताऱ्याने कुठेच सही केली नव्हती. तरी आम्ही बुडालो तेव्हा भरणा त्यानेच केला.

पाटाच्या दुरुस्तीचे पैसे मी परत आल्यावर पाठवले. साडूंकडे मागितले होते. ते म्हणाले, ‘‘पुढच्या महिन्यात देतो.’’

मी जामीनदार आहे. मला सवय आहे.