रीसेटचं बटण



आपल्या वडोदऱ्यात सी-२९५ विमानांचा कारखाना आल्यापासून आमच्या घरातल्या मुलांना विमानांचं वेड लागलंय. दिवाळीत बहिणीकडे गेलो, तर आठवीतल्या भाच्याने मोबाइल पुढे केला. व्हिडिओत एक करडं यंत्र हेलिकॉप्टरसारखं सरळ वर उठलं. मग पंखांच्या टोकांवरचे दोन भलेमोठे पंखे पुढे झुकले आणि ते विमान होऊन निघून गेलं.

"मामा, हे इतकं सोपं आहे, तर सगळी हेलिकॉप्टरं अशीच का नाही बनवत?"

उत्तर फराळापेक्षा लांबलं, म्हणून या वेळचं सदर त्यावरच.

आधी हेलिकॉप्टरची अडचण बघू. ते पुढे जात असताना एका बाजूचं पातं वाऱ्याच्या समोर धावतं आणि दुसऱ्या बाजूचं मागे सरकतं. वेग वाढवत नेला की मागे सरकणाऱ्या पात्याला पुरेसा वारा मिळत नाही आणि त्याची उचल कमी पडते. म्हणून साधी हेलिकॉप्टरं ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास अडकतात. विमान वेगाने जातं, पण त्याला धावपट्टी लागते.

ही अडचण किती महाग पडते, ते अमेरिकेला एप्रिल १९८० मध्ये कळलं. तेहरानमधल्या ओलिसांना सोडवायला आठ हेलिकॉप्टरं निघाली, इराणच्या वाळवंटातल्या ठरलेल्या जागी सहा पोचली आणि त्यातलं एक नादुरुस्त निघालं. मोहिमेला किमान सहा हवी होती, म्हणून ती रद्द झाली. परत निघताना एक हेलिकॉप्टर वाहतूक विमानावर आदळलं आणि आठ जण गेले. पुढच्याच वर्षी, हेलिकॉप्टरसारखं उतरेल आणि विमानासारखं लांब जाईल असं यंत्र बनवायचा कार्यक्रम सुरू झाला. त्यातून बेल आणि बोइंग या कंपन्यांचं व्ही-२२ ऑस्प्रे आलं. त्याचं पहिलं उड्डाण १९ मार्च १९८९ ला झालं. ते २४ सैनिक घेऊन ताशी सुमारे ५०० किलोमीटरने जातं.

भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर याच यंत्राच्या पोटात आहे. त्याचा पंखा हेलिकॉप्टरसाठी लहान आणि विमानासाठी मोठा आहे. इतका मोठा, की पंखे पुढे झुकलेले असताना धावपट्टीवर उतरलं तर पाती जमिनीला घासतील. एक इंजिन बंद पडलं तरी दोन्ही पंखे फिरायला हवेत, म्हणून पंखातून आरपार एक शाफ्ट नेलाय. त्यात इंजिनाचं अख्खं घर फिरतं, म्हणजे वायर आणि तेलाच्या नळ्यांनाही त्याच्याबरोबर वळावं लागतं.

त्याची किंमत २००० साली दिसली. एप्रिलमध्ये ॲरिझोनात रात्रीच्या सरावात एक ऑस्प्रे पुढचा वेग कमी असताना फार झपाट्याने खाली येत होतं. उजवा पंखा स्वतःच खाली ढकललेल्या हवेच्या भोवऱ्यात सापडला, त्या बाजूची उचल गेली आणि यंत्र उलटलं. १९ जण गेले.

डिसेंबरमधला अपघात मात्र माझ्या धंद्यातला आहे, म्हणून तो डोक्यातून जात नाही. नॉर्थ कॅरोलायनात उतरायच्या तयारीत असताना हायड्रॉलिकची एक नळी फुटली. वायरींचा जुडगा घासून घासून ती झिजली होती. समोर दिवा लागला. अशा वेळी रीसेट दाबायचं, असं वैमानिकांना शिकवलेलं होतं. त्यांनी दाबलं. सॉफ्टवेअरमधल्या दोषामुळे दोन्ही पंख्यांच्या पात्यांचा कोन झटक्याने बदलला, पण दोन्ही बाजूंचा हायड्रॉलिक दाब सारखा राहिला नव्हता, म्हणून दोन्ही बाजू सारख्या वळल्या नाहीत. यंत्र हेलकावलं. दिवा तसाच होता, म्हणून पुन्हा दाबलं. असं बरेच वेळा झालं आणि ऑस्प्रे जंगलात कोसळलं. चार जण गेले. त्यांनी शिकवल्याप्रमाणेच केलं होतं.

काही वर्षांपूर्वी मी एका गिऱ्हाइकाच्या बिलिंगमध्ये 'पुन्हा प्रयत्न करा' असं बटण टाकलं होतं. मी ते एकदा दाबून तपासलं आणि चाललं. मग एका सोमवारी डेटाबेस अर्धवट बंद पडला, लोकांनी बटण पाच-सहा वेळा दाबलं आणि दर वेळी नवं बिल निघालं. पैसे परत करण्यात आठवडा गेला, मी शिव्या खाल्ल्या आणि विषय संपला. चूक त्याच जातीची होती. सगळं ठीक असताना बटण काय करतं ते मी बघितलं होतं, पण ते बटण दाबायची वेळ बिघाडातच येते. फरक एवढाच, की माझ्या बटणाच्या पलीकडे कोणी हवेत नव्हतं.

त्या अपघातानंतर ऑस्प्रेची उड्डाणं मे २००२ पर्यंत बंद होती. नळ्या आणि वायरींची मांडणी बदलली, सॉफ्टवेअर सुधारलं, झपाट्याने खाली येत असल्यास इशारा मिळायची सोय झाली. २००७ मध्ये ते इराकमध्ये कामाला लागलं. पण गोष्ट तिथे संपली नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये जपानजवळ आणखी एक कोसळलं आणि आठ जण गेले. गिअरबॉक्समधला एक गिअर तुटला होता. त्याआधी तेलात धातूचे कण असल्याचे इशारे वारंवार आले होते, तरी उड्डाण चालू ठेवलं गेलं.

बेल कंपनीच्या पुढच्या यंत्रात, व्ही-२८० मध्ये, इंजिन जागेवर स्थिर राहतं आणि फक्त पुढचा पंखा व त्याचे गिअर झुकतात. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकी सेनेने त्याची निवड केली. फिरणाऱ्या गोष्टी कमी केल्या, हा त्यातला मला सगळ्यात शहाणा वाटलेला बदल.

भाच्याने शेवटी विचारलं, "मग बनवायलाच नको होतं का?" मी लगेच उत्तर देऊ शकलो नाही. १९८० चे आठ जणही खरे होते आणि नंतरचेही. एवढंच म्हणालो, की तू इंजिनिअर झालास तर तुझ्या बटणाच्या पलीकडे कोण बसलंय ते आधी विचार. आणि दिवा लागला तर तो विझवायच्या आधी का लागला ते बघ.

तो म्हणाला, "मामा, तुझ्या गाडीचा इंजिनचा दिवा महिनाभर लागलेला आहे."

सोमवारी गाडी गॅरेजला दिली.