अंडं फुटलं, पण अस्तराचं काय?

लग्नाला दोन वर्षं झाली की ‘काय गं, काही विशेष?’ सुरू होतं. मग दवाखाना आणि पाळीच्या सुरुवातीला पाच दिवस घ्यायच्या गोळ्या. बऱ्याचदा त्या क्लोमिफिनच्या असतात. त्यांनी अंडं तयार व्हायला खरंच मदत होते. माझी तक्रार गोळ्यांबद्दल नाही, अर्धवट माहितीबद्दल आहे.

मैत्रिणींनो, दिवस राहायला नुसतं अंडं पुरत नाही. गर्भ रुजतो तो गर्भाशयाच्या अस्तरात आणि हे अस्तर वाढतं इस्ट्रोजेनमुळे. क्लोमिफिन मेंदूला हे इस्ट्रोजेन जाणवू देत नाही. ते कमी पडलंय असं समजून मेंदू अंडाशयाला कामाला लावतो. पण हीच आडकाठी काही जणींच्या अस्तरालाही होते आणि ते पातळ राहतं. अंडं फुटायच्या सुमारास सोनोग्राफीत ते साधारण ७ मिलिमीटरपेक्षा कमी दिसलं, तर औषध बदलायचं का, हे डॉक्टर ठरवतात.

लेट्रोझोल हा दुसरा पर्याय. ते शरीरातून लवकर निघून जातं, अस्तराला तसं अडवत नाही. भारतात २०११ मध्ये वंध्यत्वाच्या उपचारात त्यावर बंदी आली होती, ती पुढे उठली. पीसीओएस असलेल्या ७५० स्त्रियांवर अमेरिकेत झालेला अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात क्लोमिफिनपेक्षा लेट्रोझोल घेणाऱ्यांना जास्त बाळं झाली. अर्थात कुणाला काय द्यायचं, हे डॉक्टरच ठरवणार.

आपल्याकडे मात्र सोनोग्राफीसाठी तालुक्याला जायचं म्हणजे एसटी, खर्च आणि घरातली बोलणी. म्हणून ती टळते. जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून गोळ्या तेवढ्या येतात. क्लोमिफिन सहसा सहा पाळ्यांपलीकडे देत नाहीत, हेही कुणी सांगत नाही. महिने जातात आणि शेवटी ‘एवढी औषधं घेऊनही हिला राहत नाही’ हा शिक्का तिच्याच कपाळी!

मला हे अजिबात पटत नाही. औषधामुळे अस्तर पातळ राहिलं, तर त्यात तिचा काय दोष? सोनोग्राफीचा खर्च आणि सोबत ही घराची जबाबदारी आहे. नवऱ्याचीही तपासणी व्हायलाच हवी. आणि पुढच्या वेळी डॉक्टरांना ‘अंडं फुटलं का?’ एवढंच विचारू नका. ‘माझं अस्तर किती मिलिमीटर आहे?’ हेही न लाजता विचारा. शरीर आपलं आहे, प्रश्नही आपलाच.