जलविमानाचा ऱ्हास की उद्घाटनांचा इतिहास?

१/ जलविमानाचा विषय निघाला की दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. ‘वेगवान विमाने आली आणि जलविमाने संपली’ हे एक. ‘भारतात इच्छाशक्तीच नाही’ हे दुसरे. दोन्ही सोपी, म्हणूनच लोकप्रिय. आणि दोन्ही अपुरी.

२/ आधी पहिले वाक्य. १९३० च्या दशकाच्या अखेरीस इम्पीरियल एअरवेजच्या ‘उडत्या नौका’ कराची, राजसमंद, ग्वाल्हेर, अलाहाबाद, कलकत्ता असे टप्पे घेत. जड विमान पेलणाऱ्या धावपट्ट्या तेव्हा दुर्मीळ होत्या, तलाव मात्र तयार होते. दुसऱ्या महायुद्धाने जगभर काँक्रीटच्या धावपट्ट्या मागे ठेवल्या आणि १९५० मध्ये बीओएसीने उडत्या नौकांना निरोप दिला. त्यांचा खरा प्रतिस्पर्धी वेग नव्हता, धावपट्टी होती. जिथे धावपट्टी नाही, तिथेच जलविमानाला अर्थ आहे.

३/ ही कसोटी भारतात सर्वाधिक लागू पडते ती अंदमानला. ३० डिसेंबर २०१० रोजी ‘जल हंस’ सेवेचे उद्घाटन झाले. बेटांसाठीच्या या सेवेची फीत मात्र मुंबईत, जुहूच्या विमानतळावर कापली गेली. हस्ते तत्कालीन केंद्रीय मंत्री प्रफुल्ल पटेल. पवनहंस आणि अंदमान-निकोबार प्रशासन यांचा हा संयुक्त उपक्रम. पोर्ट ब्लेअरहून हॅवलॉक (आजचे स्वराज द्वीप) आणि दिगलीपूर ही त्याची उद्दिष्टे.

४/ गरज खरी होती. तरतूद तुटपुंजी होती. सारा भार एका छोट्या सेस्ना विमानावर. ते दुरुस्तीला गेले की सेवाच बंद. खाऱ्या पाण्याने धातू गंजतो, म्हणून सतत गोड्या पाण्याने धुणे आणि तपासणी आवश्यक. अंधारात पाण्यावर उतरता येत नाही. उधाणात बोट थांबते, तेव्हा हे विमानही थांबते. काही वर्षांतच सेवा विरली.

५/ आणि महाराष्ट्र? ऑगस्ट २०१४ मध्ये पर्यटन महामंडळाच्या सहभागाने जुहूहून लोणावळ्याजवळील अँबी व्हॅलीकडे जलविमान निघाले. म्हणजे धावपट्टीवरून उडायचे आणि द्रुतगती महामार्ग असलेल्या दिशेलाच जायचे! आज ती सेवा नाही. डिसेंबर २०१७ मध्ये गिरगाव चौपाटीवर पुन्हा प्रात्यक्षिक झाले; पुन्हा टाळ्या वाजल्या.

६/ जून २०१३ मध्ये केरळात उद्घाटन अष्टमुडीला झाले. पण मच्छीमारांनी विरोध केल्याने सेवा उभीच राहिली नाही. त्यांना ‘प्रगतीचे शत्रू’ ठरवणारे एक विसरतात: ज्या पाण्यावर त्यांची चूल पेटते, तेच पाणी विमानासाठी मोकळे करायचे होते.
३१ ऑक्टोबर २०२० ला साबरमती ते केवडिया सेवा सुरू झाली. विमान मालदीवहून आणलेले; देखभालीसाठी पुन्हा मालदीवलाच. एप्रिल २०२१ मध्ये सेवा थांबली.

७/ त्याच मालदीवमध्ये जलविमान रोजचे वाहन आहे. हा इच्छाशक्तीचा चमत्कार नव्हे. सुमारे १,२०० विखुरलेली बेटे, मुख्य विमानतळाला लागूनच जलतळ, डझनावारी विमाने, तिथेच दुरुस्ती आणि महागडे भाडे मोजणारा पर्यटक, अशी ती साखळी आहे. भारताने तिची एकच कडी उचलली, विमानाची.

८/ हीच कसोटी पैठणच्या नाथसागराला लावून पाहावी. छत्रपती संभाजीनगरला चिकलठाण्याची धावपट्टी आहे, पैठणला रस्ता आहे. जलाशय हे पक्षी अभयारण्य आहे. तिथे पक्ष्यांचे थवे आणि विमान यांचे जमणे कठीण. २०१६ आणि २०१९ च्या उन्हाळ्यात तर जायकवाडीच्या मृतसाठ्यावर तहान भागवावी लागली. अशा पाण्यावर वेळापत्रक उभे राहत नाही.

९/ इतिहासाच्या अभ्यासकाने यातून एक सवय उचलावी. उद्घाटनाची तारीख, मंत्र्याचे नाव, छायाचित्र सहज सापडते. शेवटच्या फेरीची बातमी क्वचितच छापली जाते. साधनांचा हा कल ओळखला नाही, तर इतिहास म्हणजे कापलेल्या फितींची यादी होते.
‘पहिले जलविमान केव्हा उडाले?’ हा प्रश्नमंजूषेचा प्रश्न आहे. ‘दुसऱ्या वर्षी ते कोणासाठी उडाले?’ हा इतिहासाचा. हॅवलॉकमधल्या रुग्णाला पोर्ट ब्लेअर गाठायचे असते, तेव्हा उपयोगी पडते ते याच दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर.

(समाप्त)