आहाराची मात्रा : राजाला जमले, आपल्याला का नाही?



वर्षावास जवळ आला की सातारा-सांगलीकडच्या आपल्या विहारांतून ग्रंथवाचनाची तयारी सुरू होते. यंदा त्याच्या जोडीला आणखी एक काम हाती घ्यावे असे आम्हाला वाटते. ते म्हणजे वाढलेले वजन उतरवण्याचे.

डाएट आपल्याकडे नवे राहिलेले नाही. शुगरचा रिपोर्ट हातात पडला की दुसऱ्या दिवसापासून कोणी भात सोडतो, कोणी दोनच वेळा जेवतो, कोणी महागड्या पावडरीचा डबा आणतो. आठ-दहा दिवस उत्साह असतो. मग एखादी हळद, एखादे बारसे येते आणि डाएट तिथेच संपते. "आपल्यात जिद्दच नाही," म्हणून माणूस गप्प बसतो. आमच्या मते चूक जिद्दीपेक्षा पद्धतीत आहे.

संयुत्तनिकायात दोणपाक सुत्त आहे. कोसलचा राजा पसेनदी द्रोणभर भात खात असे. एकदा असाच जेवून, धापा टाकत तो भगवंतांकडे आला. तथागतांनी त्याला रागावले नाही की उपाशी राहायला सांगितले नाही. भान ठेवून आणि मात्रा ओळखून जेवणाऱ्याचे त्रास कमी होतात, म्हातारपणही सावकाश येते, एवढेच एका गाथेतून सांगितले. राजाच्या मागे सुदस्सन नावाचा तरुण उभा होता. राजाने त्याला ती गाथा पाठ करायला लावली. रोज जेवणाच्या वेळी ती म्हणायची आणि त्याबद्दल रोज शंभर कहापण घ्यायचे, असे ठरले. हळूहळू राजा नाळीभर भातावर आला. अंग हलके झाले, तेव्हा अंगावरून हात फिरवत त्याने भगवंतांचे उपकार मानले.

यात आम्हाला दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. राजाने खाणे एकदम तोडले नाही, थोडे थोडे कमी केले. आणि सगळा भार स्वतःच्या मनावर न टाकता त्याने ताटाजवळ आठवण देणारा माणूस उभा केला.

आपल्या घरात हा सुदस्सन कोण? आमचे उत्तर आहे, आजी. हे ऐकून पुष्कळांना हसू येईल, कारण "अजून अर्धी घे" असा आग्रह तीच करते. पण तिचा आग्रह कुठून येतो ते पाहा. १९७२ च्या दुष्काळात माण, खटाव, जत, आटपाडीकडे लोकांनी मिलोची भाकरी आणि सुकडीवर दिवस काढले. त्याआधीच्या पिढ्यांनी तर शिळ्या तुकड्यांवर भूक भागवली. अशा माणसाला भरलेले ताट म्हणजे मिळवलेला मान वाटतो. ते ताट आपण सरकवले तर तिला दुखते. म्हणून तिच्याशी वाद घालू नका. जवळ बसून डॉक्टर काय म्हणाले ते सांगा आणि तिलाच म्हणा, "आजी, दोन भाकरी झाल्या की मला थांबव." काळजी तीच राहील, फक्त तिची दिशा बदलेल.

दुसरी गोष्ट चुलीची. घरातील बाई शेवटी जेवते आणि उरलेले वाया जाऊ नये म्हणून तेही संपवते. तिचे वजन वाढते ते असे. तेव्हा कमी वाढण्याआधी कमी शिजवा आणि सगळे एकत्र जेवायला बसा. एकाच्या डाएटसाठी तिने वेगळा स्वयंपाक करायचा, हे चार दिवसही टिकत नाही.

खाण्यासाठी बाहेरचे काही आणायला नको. रेशनवर गहू-तांदूळ मिळतो, शाळू विकत घ्यावा लागतो. परवडेल तेवढा घ्या. पण शाळूची झाली तरी चार भाकरींनी वजन वाढणारच. भाकरी एक कमी करून मटकी, हुलगे, अंडी, मेथी-शेपू वाढवा. चहातली साखर आणि येता-जाता तोंडात टाकायचे भडंग आधी कमी करा. रोज अर्धा-पाऊण तास भरभर चाला.

घाई नको. वजन ५ ते ७ टक्क्यांनी उतरले तरी मधुमेहाचा धोका बराच घटतो. म्हणजे ८० किलोच्या माणसाने चार ते साडेपाच किलो. कंबर पुरुषाची ९० आणि स्त्रीची ८० सेंटिमीटरच्या वर असेल तर सावध व्हावे. शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही जेवण चुकवू नये. साखर एकदम उतरून जिवावर बेतू शकते.

आमची सूचना साधी आहे. विहारात एक वजनकाटा आणि एक टेप ठेवा. आषाढी पौर्णिमेला दोघा-दोघांच्या जोड्या लावा आणि दर रविवारी वंदनेनंतर एकमेकांची नोंद करा. कोणाचे वजन वाढले तर हसू नका. एखाद्या लग्नात घडी मोडली तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरुवात करा. तीन महिन्यांनी, आश्विन पौर्णिमेला, वही उघडून पाहा. खीरदान बंद करायला कोणी सांगत नाही. वाटी लहान करा.

वर्षावासात आपण 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचतो. बाबासाहेबांनी तो ग्रंथ मधुमेहाने पोखरलेल्या शरीराने पूर्ण केला. तो वाचणाऱ्या आपण आपले शरीर तरी सांभाळावे.